एक्स्चेंजवाली मावशी

आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मुलीनं सोशल मीडियावर स्वतःचा फोटो टाकला, की पाच मिनिटांत तिला द्रौपदीमावशीचा फोन यायचा. ‘छान दिसतेस’ असं सांगायला नव्हे.

“हॅलो, जयभीम. उजे, तुझ्या मागं गेट दिसायलंय. गेटावर घरनंबर हाय. काढ तो.”

“मावशी, फोटो आवडला का?” मी विचारायचे.

“फोटो मी अजून बघितला नाही. मागचं बघायलेय.”

ती खरंच मागचं बघायची. आपण नवा ड्रेस घालून, मान वाकडी करून हसत उभ्या. मावशीला दिसायचा दोरीवर वाळणारा कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट, भिंतीवरचं ट्यूशनचं वेळापत्रक, स्कूटीची नंबरप्लेट. एकदा शेजारच्या घरातून कुणीतरी आनंदानं जाहीर केलं, ‘उद्यापासून सगळे नांदेडला, चार दिवस!’ त्याच्याखाली मावशीनं लिहिलं, ‘आणि किल्ली कुठं ठेवली तेही लिहा.’ त्या घरातल्या काकू महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मावशीला फरक पडला नाही. तिला सवय होती.

सिकंदराबादची आमची गल्ली रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची. बरीच घरं उदगीर, नांदेड, परभणीकडून कधीतरी आलेली. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, दुकानात तेलुगू. मावशीच्या एकाच वाक्यात तिन्ही भाषा नांदायच्या, आणि कुठलीच परकी वाटायची नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, तरी आवाज ड्यूटीवरचाच. दारावरची बेल वाजली तरी आतून यायचं, “कोण बोलतंय?”

संध्याकाळी आम्ही चार-पाच मुली तिच्या पायरीवर बसायचो. ती ताटात मुरमुरे आणि शेंगदाणे कालवून आणायची आणि जुन्या दिवसांत शिरायची. समोर भिंतीएवढा बोर्ड, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या. एका भोकातली दोरी काढून दुसऱ्यात घातली, की हैदराबादचा माणूस औरंगाबादच्या माणसाशी बोलायला लागायचा. “लग्नं जुळायची माझ्या हातून, मयती कळायच्या. पण दोरी लावायच्या आधी विचारायचं, कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय. आता तुम्ही बघा! विचारपूस नाही, काही नाही. सगळ्या दोऱ्या सगळ्या भोकांत!”

स्वतःच्या बाबतीत मात्र तिची सावधगिरी अंगाशी यायची. तिचा पासवर्ड इतका अवघड असायचा, की तो कुणाला सापडायचा नाही. तिलासुद्धा. लिहून ठेवायचा नाही हा तिचाच नियम. त्यामुळे जुनं खातं कुलूपबंद व्हायचं आणि मावशी नवं उघडायची. एका वर्षात आम्हाला तिच्या चार फ्रेंड रिक्वेस्ट आल्या. चौथीच्या वेळी मी विचारलं, “मावशी, यातली खरी तू कुठली?” ती गंभीरपणे म्हणाली, “शाब्बास! असंच विचारत जा.”

ग्रुपवर आलेला निरोप पुढं ढकलणाऱ्यांवर तिचा विशेष राग. ‘आज बायकांनी एकटं बाहेर पडू नये, टोळी आली आहे’ असा एक निरोप आला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मावशीनं पाठवणारीला फोन लावला. तुला कुणी पाठवलं? तिला कुणी? असं माग काढत काढत सहाव्या फोनला ती बेगम बाजारातल्या एका मसालेवाल्यापर्यंत पोचली. तो फोन उचलेना. मग ही बाई बस पकडून बेगम बाजारात गेली आणि ऐन गर्दीत त्याच्या दुकानासमोर उभी राहिली. मला सोबत नेलं होतं, पिशवी धरायला.

“ये मेसेज तुमीच डाले?”

“मेरेकू आया अम्मा, मैं आगे डाल दिया बस.”

“डाले ना? हात तो तुमाराच था ना?”

तो बिचारा मिरच्यांच्या पोत्याआड आडोसा शोधायला लागला. शेवटी त्यानं आमच्यादेखत ग्रुपवर लिहिलं, की खात्री न करता पाठवलं, चूक झाली. मावशीनं त्याच्याकडून अर्धा किलो जिरं घेतलं. “माफी मागितलेल्या माणसाला मोकळ्या हातानं सोडू नये,” ती म्हणाली.

आम्ही हसायचो तिला. मी तर तिची नक्कल करायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी पाळी आली, आणि नक्कल बंद झाली.

नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, उंच पाळण्यासमोर काढलेला माझा एक फोटो होता. तोच फोटो लावून, माझंच नाव घालून कुणीतरी दुसरं खातं उघडलं. खाली माझा मोबाइल नंबर आणि एक ओळ. ती ओळ मी आजही लिहू शकत नाही. सकाळी दहाला पहिला फोन आला. दुपारपर्यंत इतके आले, की स्क्रीन विझायलाच तयार नाही. त्यात माझी मैत्रीण स्रवंती. तिनं त्या खात्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, ‘बिचारी उज्ज्वला, बघा काय झालं.’ नंबर दिसत होता तसाच. मग तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

मी फोन बंद करून गादीखाली ठेवला. आई आजोळी गेली होती. बाबांना सांगायची हिंमत नव्हती. पोरीच्या हातात फोन म्हणजे आगीशी खेळ, असं ते आधीपासून म्हणतच होते.

चारच्या सुमाराला मावशी दारात. “दुपारपासून फोन बंद? तू तर आंघोळीला जातानाही बंद करत नाहीस. काय झालं?”

मी रडत रडत सगळं सांगितलं, आणि मान खाली घालून बसले. आता ती म्हणणार, सांगत नव्हते? मागचं बघ म्हणत नव्हते? पण ती माझ्याशेजारी खाली बसली. मीच म्हणाले, “नंबर मीच दिला होता मावशी. नोट्स हरवल्या तेव्हा मीच सगळ्यांना दिसेल असा लिहिला होता.”

“ती चूक झाली. पुढं करू नको. पण उजे, फोटो चोरला त्यानं, घाण लिहिली त्यानं. तू चूक केलीस, त्यानं गुन्हा केला. दोन्ही एका तराजूत घालू नको. आण इकडं फोन.”

तिनं फोन चालू केला. कागद-पेन घेतलं. आधी त्या खात्याचे फोटो काढून ठेवायला लावले. “पुसायच्या आधी पुरावा,” म्हणाली. तेवढ्यात फोन वाजलाच. मावशीनं पाठ ताठ केली आणि तीस वर्षं मुरलेल्या आवाजात म्हणाली, “नमस्कार. कोण बोलतंय? नाव? गाव? कुणाशी बोलायचंय?”

फोन कट. मावशीनं नंबर आणि वेळ लिहिली. पुन्हा वाजला, पुन्हा कट. एक जण मात्र अडकला. त्यानं चुकून नाव सांगितलं. मावशीनं त्याला दखनीत अर्धा तास धरून ठेवलं. तुझी अम्मी कुठंय, बहीण आहे का, तिचा नंबर असा भिंतीवर लिहिला तर चालेल का? शेवटी तो रडवेला होऊन “माफ करो अम्मा” म्हणाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मग तिनं स्रवंतीला फोन लावायला लावला. आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, “दया आली होती ना बाळा? मग हिला फोन करायचा. गावाला कशाला केलास?” स्रवंती पलीकडं मुसमुसायला लागली. तिनं ते काढलं, आणि ज्यांनी पुढं पाठवलं त्यांनाही काढायला लावलं.

खरी कसोटी बाबांची होती. ते ड्यूटीवरून आले, सगळं ऐकलं, आणि बराच वेळ बुटांची लेसच सोडत बसले. मग म्हणाले, “उद्यापासून फोन बंद. कॉलेजचंही बघू. परीक्षा बाहेरून देता येते.”

मावशी उठून उभी राहिली.

“भाऊ, चोरी हिच्याकडं झाली, आणि कोठडीत हिलाच घालायलास?”

“ताई, लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणायलेतच की सकाळपासून, फोन करकरून. त्यांच्यासाठी पोरीचं शिकणं मोडायलास का? उद्या सुट्टी टाक. पोलिसात जायचंय. बापाला सोबत यावं लागतंय.”

बाबा दुसऱ्या दिवशी आले. सायबर पोलिसांकडच्या तेलुगू बाईंनी मावशीचा कागद उलटसुलट पाहिला. प्रत्येक फोनची वेळ मिनिटासकट. “अम्मा, तुम्ही कुठं नोकरीला होता?” त्यांनी विचारलं. मावशीनं सांगितलं, आणि उगाच पदर सारखा केला. तीन आठवड्यांनी माणूस सापडला. माझ्या कोचिंग क्लासमधला एक सीनियर. त्याच्या निरोपांना मी उत्तर दिलं नव्हतं, एवढंच कारण. खातं बंद झालं, त्याच्यावर केस झाली. शेवटच्या खेपेला पोलिसांकडून परत येताना बाबांनी मला नवं सिमकार्ड घेऊन दिलं. रांगेत स्वतः उभे राहिले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी मावशीकडं गेले. “मला वाटलं होतं तू रागावशील. तुलाच तर अधिकार होता,” मी म्हटलं.

ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता सांगायला लागली. एक्स्चेंजमध्ये तिच्या शेजारच्या बोर्डावर रत्नकुमारी नावाची मुलगी होती. वरंगळची. दोघी डबा वाटून खायच्या. एक मोठा माणूस रोज दुपारी फोन करून रत्नालाच मागायचा आणि नको ते बोलायचा. तिनं दोनदा दोरी काढली, तर त्यानंच उलटी तक्रार केली, ही पोरगी लाइनवर लाडात येते म्हणून. साहेबानं मावशीला बोलावून विचारलं, तू शेजारी असतेस, काय ऐकलंस?

“मी सगळं ऐकलं होतं उजे. पण माझी नोकरी नवी. आमच्या अख्ख्या घरात सरकारी पगाराची मी पहिली. मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही.” तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आठ दिवसांत रत्ना नोकरी सोडून गेली. जाताना माझ्याकडं बघितलं बी नाही.”

थोड्या वेळानं तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. शोधायच्या जागी एकच नाव होतं, इंग्रजीत, वेगवेगळ्या स्पेलिंगनं. रोज सकाळी ती ते नाव शोधायची. सोशल मीडियावर ती आली होती ती यासाठी. आमच्या फोटोंवर तिची नजर पडली ती नंतर.

“तेलुगूत लिहून बघितलंस का?” मी विचारलं.

“मला तेलुगू बोलता येती. लिहिता कुठं येती?”

मी तेलुगूत नाव घातलं. तेरा-चौदा रत्नकुमारी आल्या. मावशी चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी नेऊन एकेक चेहरा बघत राहिली. एकीवर थांबली. वरंगळची, पिकल्या केसांची. “कपाळ तसंच हाय,” म्हणाली. मग ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. ‘मी द्रौपदी. तुझ्या शेजारच्या बोर्डावरची. त्या दिवशी मी खोटं बोलले. तू ती असशील तर मला माफ कर.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. ‘अक्का, मी ती नाही. मी शाळेत शिक्षिका होते. पण तुमचा निरोप वाचून बरंच काही आठवलं. तुमची मैत्रीण सापडली तर मला जरूर कळवा.’

मावशीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“काय लिहू मावशी?”

“लिही, कळवते,” ती म्हणाली. “आणि विचार तिला, तिला काय काय आठवलं.”