डबीबंद खांबेटे

खांबेट्यांच्या घरात पाऊल टाकलं की दोन्ही हात पाठीमागे बांधावे लागतात. "हात मागे!" हेच त्यांचं स्वागत. 'या, बसा, पाणी घेता का' याची पुण्यात कुणी अपेक्षाही करत नाही, पण निदान पाहुण्याचे हात तरी मोकळे सोडतात.

आमच्या सोसायटीत ते समोरच्या दारात राहतात. वय सत्तर, वजनमापे खात्यातून निवृत्त, लग्न नाही. केलं असतं तर बायकोलाही डबीत घातलं असतं, असं आमची ही म्हणते. गृहस्थ जुनी नाणी जमवतात. म्हणजे जमवतात कमी आणि जपतात जास्त. प्रत्येक नाण्याला कडक प्लॅस्टिकची पारदर्शक गोल डबी, डब्या खोक्यात, खोकी कपाटात आणि कपाट बेडरूममध्ये. खांबेटे स्वतः हॉलमध्ये सतरंजीवर झोपतात. खिडक्या बारा महिने बंद, कारण दमट हवा नाण्यांना सोसत नाही. घरात फोडणी होत नाही, कारण त्या वाफेनं म्हणे चांदी काळवंडते. त्यामुळे जेवण डब्याचं, आणि गार. दर शनिवारी बुधवार पेठेत जाऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणतात. दगडूशेठ चार पावलांवर, पण दर्शन नाही. गर्दीत पुड्या फाटतात.

मऊ प्लॅस्टिकचा विषय त्यांच्यापुढे काढू नये. तरुणपणी त्यांनी सगळी नाणी मऊ पाकिटांच्या अल्बममध्ये ठेवली होती आणि काही वर्षांत ती हिरवी, चिकट झाली. "साहेब, मऊ प्लॅस्टिक नाण्याला खातं!" असं सुरू झालं की तासाची निश्चिंती.

अशा माणसाला मी आमचा रुपया दाखवायला नेला, ही माझीच अक्कल. चांदीचा जुना रुपया आहे, राजाच्या तोंडाचा. आमच्याकडे उष्टावणाला बाळाला पहिली खीर त्या रुपयानंच भरवतात. मी त्यावरूनच खाल्ली, माझ्या मुलानंही. नात झाली तेव्हा तो कौतुकानं घेऊन गेलो. खांबेट्यांनी भिंग लावलं आणि किंचाळलेच. "याला खीर लावता? दूध? साखर?" जणू मी नातीला विष घालणार होतो.

"दोन दिवस ठेवून जा. डबी घालून देतो."

दोन दिवसांचे पाच महिने झाले. मागायला गेलो की एकच उत्तर, "तुम्ही माणसं चांगली आहात हो, तुमचे हात चांगले नाहीत."

उष्टावणाच्या दिवशी सकाळी मी शेवटचा गेलो. "अहो, रुपया माझा आहे. अकराचा मुहूर्त आहे."

"लक्ष्मी रोडला चांदीचे चमचे मिळतात," असं म्हणून त्यांनी दार लावलं. मी परत येऊन घरच्यांसमोर त्यांचा यथेच्छ उद्धार केला. हिनं खीर भरवायला बोटातली अंगठी काढून ठेवली.

साडेदहाला बेल वाजली. दारात खांबेटे. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरे सुती मोजे आणि डबीत आमचा रुपया. "डबीसकट चालेल का?" त्यांनी विचारलं.

"बाळ खीर चाटणार की प्लॅस्टिक?" ही कडाडली.

तेवढ्यात फोन आला. खीर भरवायचा मान मामाचा. आमच्या सूनबाईला, केतकीला, सख्खा भाऊ नाही, म्हणून तिचा चुलतभाऊ यायचा होता. तो वाघोलीत ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि दुपारशिवाय पोचत नव्हता.

"मग आता मामा कोण?" ही म्हणाली.

खांबेटे दारातच उभे होते. "मी बसलो तर चालेल का?"

"तुम्ही?" मी म्हणालो. मला खरंच हसू आलं होतं.

"मला बहीण नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "त्यामुळे असं कुणी कधी बोलावलं नाही."

माझं हसू गेलं. लाज वाटली, हे लिहायला हरकत नाही. केतकी मात्र उठली आणि नातीला थेट त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बसा, दादा."

खांबेट्यांनी मोजे काढले. नखानं डबी उघडली. रुपया खिरीत बुडवला आणि बाळाच्या ओठांना लावला. तिनं रुपयासकट त्यांचं बोट मुठीत धरलं आणि चोखायला लागली. खीर त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळली. मी रुमाल पुढे केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मग ते आमच्या पंगतीला बसले. गरम वरणाला दोनदा वाटी पुढे केली. निघताना मी रुपया पुन्हा डबीत घालायला दिला, तर म्हणाले, "असू द्या तुमच्याकडेच."

संध्याकाळी पाचला पुन्हा बेल वाजली. रुपयाबद्दल त्यांचं मन बदललं असणार, असं म्हणत मी दार उघडलं.

"भाची उठली का?" खांबेट्यांनी विचारलं.

ती झोपली होती. ते आत आले, पाळण्याजवळच्या खुर्चीत बसले आणि ती उठेपर्यंत बसून राहिले.