राजाच्या कपाळावर माझी टिकली

त्या दिवशी मी टिकल्यांचं नवं पाकीट फोडलं नाही. गुन्हा एवढाच. बेसिनच्या आरशावर आदल्या दिवशीची मरून टिकली चिकटवलेली होती, तीच उचलली आणि कपाळावर दाबली. गोंद जरा दमलेला वाटला. पण म्हटलं, आज कुठे बाहेर जायचंय? घरातच तर आहे. (माझी बहुतेक संकटं ‘घरातच तर आहे’पासूनच सुरू होतात.)

घर म्हणजे बडोद्याच्या सुभानपुऱ्यातलं सासर. मागच्या खोलीत माझे सासरे बळवंतराव, म्हणजे पपा, जुनी नाणी तपासतात. नाणं खरं आहे ना, ठसा कसा उमटलाय, किती झिजलंय हे भिंगाखाली बघायचं, दर्जा ठरवायचा, चिठ्ठी छापायची आणि चिठ्ठीसकट नाणं पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत यंत्रानं कायमचं बंद करायचं. ती डबी मग उघडत नाही. फोडावी लागते, आणि फोडली की दर्जा रद्द.

लग्नाला आठ महिने झाल्यावर मला त्या खोलीत प्रवेश मिळाला. (त्याआधी मिळाला नाही याला कारण होतं. मी कुकरच्या शिट्टीला दचकते. तेही शिट्ट्या मोजत शेजारीच उभी असताना.) पहिल्याच दिवशी पपा म्हणाले, “यशू, एकच नियम. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही. कडेनं धरायचं.” मी तो नियम इतका मनाला लावून घेतला की हल्ली पोळीसुद्धा कडेनं धरते.

तर त्या दिवशी नाणं होतं एका क्षत्रप राजाचं. चांदीचं, नखाएवढं, सोळाशे वर्षांपूर्वीचं. राजाला मोठं नाक आणि झुबकेदार मिशा. पपा म्हणाले, “आज डबी तू बंद कर.” मी वाकून सगळं बसवलं, बटण दाबलं, यंत्र गुरगुरलं, मी दचकले, आणि डबी बंद झाली.

“शाब्बास,” पपा म्हणाले. “मानसिंगराव चार वाजता न्यायला येतील. मी मांडवीच्या बाजारात जाऊन येतो.”

पपा गेले आणि सासूबाई चहा घेऊन आल्या.

“अगं, कपाळ मोकळं का?”

मी कपाळाला हात लावला. धावत टेबलाशी गेले. डबीत राजा, आणि राजाच्या कपाळावर, बरोबर भुवईच्या वर, माझी टिकली!

“आई, मी राजाला कुंकू लावलं!”

सासूबाईंनी चष्मा वर-खाली केला. “शोभतंय गं.”

“आई! मानसिंगरावांना कळलं तर?”

आता त्याही गंभीर झाल्या. मानसिंगराव म्हणजे लहरीपुऱ्यातलं जुनं, खवट गिऱ्हाईक. त्यांनी एक फोन फिरवला तर बडोद्यापासून राजकोटपर्यंत एकही संग्राहक पपांकडे नाणं पाठवणार नाही. तीस वर्षांचं पपांचं नाव, आणि ते बुडणार कशानं, तर आरशावरच्या टिकलीनं.

“फोडू,” सासूबाई म्हणाल्या. “टिकली काढू, नव्या डबीत घालू. कोणाला कळतंय?”

मी डबी कडेनं धरली. सासूबाईंनी अडकित्ता आणला. अडकित्ता निसटून फ्रीजखाली गेला. मग दाराच्या फटीत धरून दार ओढलं. दार करकरलं, डबी जशीच्या तशी.

“बत्ता आणू?”

“नको, राजाला लागेल!”

साडेतीन वाजले. शेवटी मी... सांगायला लाज वाटते... डबीचा कोपरा दाढेखाली धरला आणि डोळे मिटून जोर लावला.

नेमका तेव्हाच दारातून आवाज आला, “केम छो, वहिनी?”

मानसिंगराव. वाटेत पपा भेटले म्हणून त्यांना गाडीत घालून, अर्धा तास आधीच हजर. मी तोंडातून डबी काढली. पपा माझ्याकडे बघत होते. आता खोटं बोलायचं म्हटलं तरी सुचेना.

“पपा, माझी टिकली आत पडली, मी बघितलंच नाही, मग आम्ही फोडायला गेलो, आईंची काही चूक नाही, राजाची पण नाही, तुम्ही मला खोलीतून काढा पण मानसिंगकाकांना सांगा की तुम्ही निर्दोष आहात!”

एका दमात सगळं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “बत्त्याची कल्पना माझी होती.”

पपांचा चेहरा उतरला. त्यांनी डबी मानसिंगरावांपुढे धरली. मानसिंगरावांनी खिशातून भिंग काढलं. बघितलं. डबी तिरकी केली. पुन्हा बघितलं.

मग त्यांनी अंगठ्याचं नख पुढे केलं आणि डबीवर अलगद खरवडलं. टिकली नखावर आली.

“बाहेरून चिकटलीय, सूनबाई.”

तासभर मी ती डबी कडेनंच धरत होते. तोंडाला बोट लावायचं नाही ना!

“आणि हे ओरखडे?” पपांनी विचारलं.

“अडकित्ता.”

“हा चरा?”

“दार.”

“आणि इथे हे चार खड्डे?”

मानसिंगरावांनी भिंगातून आधी खड्डे बघितले, मग माझं तोंड. आणि खदाखदा हसत सुटले.

“बळवंतराव, अडकित्ता, दार आणि सूनबाई, तरी डबी सलामत? मला हीच पाहिजे! माझी बाकीची चाळीस नाणीपण तुम्हीच बंद करा. फक्त प्रत्येक डबी आधी पाव तास हिच्याकडे द्यायची.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पपांनी ते वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून त्या खोलीत माझं पद पक्कं आहे. डब्या पपाच बंद करतात. मी नमुन्याची रिकामी डबी दातांनी तपासते. मानसिंगरावांनी ही गोष्ट गावभर केली, हे मला माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात राजकोटहून फोन आला, “दातवाळां बेन आहेत का?”

मी दचकले, आणि घाईघाईत म्हणाले, “बोलतेय.”