स्वीडनची कमान

वर्लिन स्टॉफरच्या रायफलीतली चापाची कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली, तेव्हा हरणांच्या शिकारीला जेमतेम महिना उरला होता. पेन्सिल्व्हेनियाच्या या डोंगरांत शिकारीच्या दिवसांत ज्याला डोंगरावरच्या शिकाऱ्यांच्या झोपडीत झोपायला बाज मिळत नाही, त्याला गावात कुणी विचारत नाही. वर्लिनची बाज चाळीस वर्षं ठरलेली होती. रायफल वडलांची, स्वीडनची. कमानही शेवटी स्वीडनमध्येच सापडली. विकणाऱ्याने लिहिलं, "पाकिटावर 'घड्याळाचा भाग' असं लिहू का? लवकर पोचेल."

वर्लिन तसाच स्वयंपाकघरात धावला.

"अर्डिथ, हा मला तुरुंगात धाडणार!"

"मग नियम काय ते विचारा की कुणाला," बायको बटाटे सोलत म्हणाली.

वर्लिन ड्वेन क्लाइनच्या बंदुकांच्या दुकानात गेला. झोपडीतल्या बाजा वाटायचं कामही ड्वेनकडेच होतं. तिथे कॉफी पीत चारपाच जण टेकले होते. त्याने वही काढली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "परदेशातून बंदुकीचा सुटा भाग मागवायचा, तर कायदा काय म्हणतो?"

कप जागच्या जागी थांबले. या गावात असले प्रश्न नेहमी मेहुण्याचं नाव पुढे करून विचारतात. स्वतःसाठी विचारणारा एक तर खुळा, नाहीतर सरकारचा माणूस. आणि वर्लिन खुळा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणाला हवंय?" ड्वेनने डोळे बारीक केले.

"मला."

"आणि लिहून कशाला घेतोयस?"

"विसरतो रे हल्ली!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, वर्लिन सरकारला फितूर आहे. न्हावी त्याच्याशी फक्त हवापाण्यावर बोलला. रात्री ड्वेनचा फोन आला. "झोपडीत यंदा गर्दी आहे, वर्लिन. तुझी बाज माझ्या भावाच्या पोराला दिली."

वर्लिनला रडूच यायचं बाकी राहिलं. सकाळी चिडून त्याने थेट बंदुकांचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयालाच फोन लावला. तिथली बाई म्हणाली, नळी किंवा मुख्य सांगाडा असता तर परवाना लागला असता. एवढ्याशा स्वस्त कमानीला नको. मात्र पाकिटावर खरं तेच लिहायला सांगा. दोन मिनिटांत काम झालं.

"इतकी गोड का बोलली असेल?" फोन ठेवून वर्लिन म्हणाला.

कमान खऱ्या नावाने आली, बसली. ते गावात कळलं मात्र, वर्लिनच्या मागच्या दाराशी माणसं येऊ लागली. न्हाव्याच्या मेहुण्याला जर्मनीहून नळी हवी होती. पाद्रीबुवांच्या मेहुण्याला इटलीहून बंदुकीचा लाकडी दस्ता. शिकारीच्या आदल्या शनिवारी ड्वेन आला, गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून.

"माझ्या मेहुण्याला…"

"ड्वेन, तुझी बायको एकुलती एक आहे."

ड्वेनने मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला. "हे बघ, तुझी वरपर्यंत ओळख आहे, आमचं काही म्हणणं नाही. उलट असा माणूस आपल्यात असलेला बरा. शेगडीशेजारची बाज तुला काढून ठेवलीय."

शेगडीशेजारची! ती आजवर फक्त ड्वेनच्या वडलांना मिळाली होती. आपली कुणाशी ओळखबिळख नाही हे सांगायला वर्लिनने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ड्वेनच्या खांद्यावर हात ठेवून तो गंभीरपणे म्हणाला,

"थांब. वर विचारून सांगतो."