महिपतरावांचा क्लापा

क्रोएशियाची सहल करून आल्यापासून महिपतरावांना रत्नागिरीतलं काहीच पसंत पडेना. रत्नदुर्गावर गेले, तर "दुब्रोवनिकची तटबंदी बघितल्यावर हे म्हणजे परसातलं कुंपण वाटतं," म्हणत खाली उतरले. ताटात कालवं आली, तर "तिकडे स्टोन नावाच्या गावात लिंबू पिळून कच्ची खातात," म्हणून नाक मुरडलं आणि तीच कालवं दोनदा मागून घेतली. एड्रियाटिक समुद्राचा सगळा किनारा आपल्या आजोबांनीच वसवल्यासारखे ते बोलत.

त्यांच्या पत्नी सावित्रीबाई त्याच सहलीला होत्या; पण त्यांच्या लक्षात भलतंच राहिलं होतं. स्प्लिट गावात रोमन बादशहाच्या राजवाड्यात आजही बिऱ्हाडं आहेत आणि खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले असतात, हे त्यांनी डोळे भरून पाहिलं होतं.

"जिवंत वारसा म्हणतात त्याला," महिपतराव म्हणाले होते.

"चड्ड्यांना?" सावित्रीबाईंनी विचारलं होतं.

पण खरा घात केला तो त्याच राजवाड्यातल्या गाण्याने. तिथल्या गोल दगडी दालनात पांढरे सदरे, काळ्या पँटी आणि कमरेला लाल पट्टे अशा थाटात काही पुरुष अर्धवर्तुळात उभे राहून, एकही वाद्य न घेता गात होते. याला क्लापा म्हणतात. समुद्रावर गेलेल्या माणसांची, द्राक्षांच्या दारूची, प्रेयसीची गाणी. महिपतरावांनी ती ऐकली, आणि आपल्या गावातली जाखडी, नमन, भजन सगळं एका फटक्यात बाद केलं.

"मांडवीला, समुद्रासमोर क्लापा करायचा," त्यांनी जाहीर केलं. माणसं मिळाली दोन. एसटीतून निवृत्त झालेले गंगाराम, कारण त्यांना नाही म्हणता येत नसे; आणि वरच्या मजल्यावरचे दादू, कारण त्यांना नीट ऐकू येत नसे. गाण्याचे शब्द कुणालाच येत नव्हते. "शब्दांत काही नाही, सुरात आहे," असं सांगून महिपतरावांनी नुसतं "ओऽऽ" आणि "आऽऽ" ठेवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच तालीम सुरू झाली. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात आवाज स्प्लिटसारखा घुमतो, असा शोध महिपतरावांनी लावला होता. मूळ गाणं वाजवायला त्यांनी सावित्रीबाईंचा फोन घेतला, मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून तो विमानात करतात तसा 'फ्लाइट मोड'वर टाकला, आणि आवाज वाढावा म्हणून पितळेच्या पातेल्यात ठेवला. स्वतः वरच्या वळणावर उभे राहिले. खाली गंगाराम आणि दादू, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मान खाली घालून.

तळमजल्यावरची रेणुका मासळी घेऊन परतली, तेव्हा जिन्यातून हंबरडा येत होता. तिने वर डोकावलं. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं एकमेकांना सावरत होती. महिपतराव कुठेच दिसत नव्हते. तिने सावित्रीबाईंना फोन लावला, लागेना. मग तिने पावस गावी महिपतरावांच्या बहिणीला, मथुराताईंना फोन केला, घाईने पिठलं-भात टाकला आणि पातेलं घेऊन वर आली.

"वैनी, आज चूल पेटवू नका," ती दारातच गहिवरून म्हणाली.

सावित्रीबाईंना भरून आलं. या गाण्याचा जाच कुणाला तरी कळला होता.

"कधीपासून हे?" रेणुकाने हळूच विचारलं.

"सकाळपासून. एकदम सुरू झालं."

"फार त्रास झाला का हो त्यांना?"

"त्यांना कसला त्रास? त्रास मागे राहणाऱ्यांना!"

रेणुकाने डोळ्यांना पदर लावला. "आणि न्यायचं कधी?"

"संध्याकाळी, मांडवीला. उन्हं कलली की."

"समुद्रावर?"

"त्यांचीच इच्छा," सावित्रीबाई तुच्छतेने म्हणाल्या. "मी म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे. सुटू."

रेणुका दोन पावलं मागे सरली. इतकी वर्षं शेजारी राहून हिचं काळीज असलं असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. ती खाली गेली आणि मांडवीची बातमी तिने जमलेल्या चारचौघांना सांगितली. तासाभरात फाटकापाशी वीसेक माणसं उभी होती. एकाने हार आणला होता, दुसरा बांबूची चौकशी करत होता.

तेवढ्यात रिक्षातून मथुराताई उतरल्या आणि पहिल्या पायरीपासूनच त्यांनी टाहो फोडला. "अण्णा रेऽऽ! असा कसा न सांगता गेलास रेऽऽ!"

महिपतरावांचे डोळे मिटलेले होते. खालून येणारा हा चढा सूर ऐकून ते हरखले. सकाळपासून प्रथमच वरची पट्टी कुणीतरी पकडली होती. "वा! आणखी वर, आणखी वर!" ते हात उंचावून ओरडले.

मथुराताईंनी वर पाहिलं. मेलेला भाऊ कमरेला लाल पट्टा बांधून हवेत हात नाचवत होता. त्या तरातरा वळणापर्यंत चढल्या. मग त्यांनी हातातली पिशवी फिरवली ती नेमकी भावाच्या खांद्यावर.

"मेल्या, जिवंत आहेस? आणि गातोस?"

उलगडा व्हायला वेळ लागला. दादूंना तर काहीच ऐकू न गेल्याने सांत्वनाला हात जोडणारे पाया पडताहेत असं समजून ते आशीर्वाद देत राहिले. फाटकापाशी हसू पिकलं. महिपतराव मात्र पेटले. "अडाणी लोक! हे प्रेमगीत आहे, प्रेमगीत! दर्यावर्दी माणसाने प्रेयसीला म्हटलेलं! आणि तुम्हाला त्यात मयत दिसलं?"

"दिसलं नाही, ऐकू आलं," सावित्रीबाई म्हणाल्या.

एक एक करून माणसं पांगली. एक गृहस्थ तेवढे थांबले. ते खालच्या आळीतले. दहा दिवसांपूर्वीच त्यांचे वडील गेले होते. चपला काढून ते चार पायऱ्या वर आले.

"महिपतराव, राग मानू नका," ते म्हणाले. "बाबा गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज खाली उभं राहून तुमचं ऐकलं आणि धाय मोकलून रडलो. परवा तेराव्याला याल? तिघंही?"

महिपतरावांचा चेहरा पडला. बादशहाच्या राजवाड्यातली कला तेराव्याच्या पंगतीत! त्यांनी नकार द्यायला तोंड उघडलं.

"येतील हो," सावित्रीबाई मध्येच म्हणाल्या, इतक्या मायेने की मथुराताईंनीही वळून पाहिलं. "सकाळपासूनच येतील. आणि तुमच्या ओळखीत आणखी कुणाकडे असेल, तर तेही सांगून ठेवा."