गर्जनेच्या दोनशे बारा प्रती

बाळांनो, एका जंगलात एकच कॉम्प्युटर होता. तो एका गुहेत ठेवला होता आणि वर मखमली कापड घातलं होतं. जे कॉम्प्युटरात आहे तेच आहे, बाकीचं नाही, असा तिथल्या सिंहमहाराजांचा हुकूम होता. हसू नका. मोठ्या माणसांच्या राज्यातही असंच चालतं, घरी विचारून बघा.

त्या वर्षी महाराजांना फेरफटका मारायला नदीकाठी मैदान हवं झालं. गुरुवारी हत्ती येऊन सगळा काठ सपाट करणार होते. ज्या घरट्याची नोंद आहे तेवढं सोडायचं, असं ठरलं.

तिथेच गोट्यांमध्ये एका टिटवीने चार अंडी घातली होती. तिची नोंद राहून गेली होती. बुधवारी सकाळी ती धावतपळत गुहेत पोचली. कॉम्प्युटरावर कासवतात्या बसायचे. त्यांनी सावकाश चष्मा पुसला, सावकाश तिचं नाव टाइप केलं. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘डिस्क भरली आहे.’

“म्हणजे काय हो, तात्या?”

“म्हणजे जागा संपली, बाई.”

“एवढ्या मोठ्या डबड्यात माझ्या एका ओळीला जागा नाही? मग काहीतरी पुसा की!”

पुसायचं म्हटल्यावर प्रधान कोल्ह्याला बोलवावं लागलं. कोल्हा आला, त्याने शेपटी नीट केली आणि घसा खाकरला.

“जागा कोण खातंय ते आधी शोधलं पाहिजे. मला तर मुंग्यांचा संशय येतो. संख्या बघा त्यांची!”

सगळ्यांना पटलं. मुंग्यांची यादी पुसली. तसूभरही जागा झाली नाही. मग चिमण्यांचे अर्ज पुसले, बेडकांच्या तक्रारी पुसल्या. उन्हाळ्यात कुठल्या पाणवठ्याला पाणी टिकतं, ती यादीही पुसली. ज्याला गुरगुरता येत नाही त्याचं आधी पुसायचं, ही कोल्ह्याची पद्धत होती. तिला तो शिस्त म्हणायचा. डिस्क भरलेली ती भरलेलीच.

दुपार झाली. टिटवी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. शेवटी तिला राहवेना.

“तात्या, कुणी किती जागा धरलीय ते यात दिसत नाही का?”

“दिसतं की.”

“मग बघितलं का नाही?”

“कुणी सांगितलं नाही,” तात्या म्हणाले. नोकरीत ते याच एका वाक्यावर म्हातारे झाले होते.

त्यांनी एक बटण दाबलं. फायली मोठीपासून लहानपर्यंत ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यात वर एक चित्रफीत होती, ‘महाराजांची गर्जना’. तिच्याखाली ‘महाराजांची गर्जना अंतिम’. तिच्याखाली ‘अंतिम दुरुस्त’, ‘अगदी अंतिम’, ‘हीच घ्या’. अशा दोनशे बारा प्रती निघाल्या. मी ती चित्रफीत पाहिली आहे, बाळांनो. गर्जना कसली, ती जांभई होती. जेवणानंतरची.

एकाच जांभईच्या इतक्या प्रती कशाला? तर महाराज दर दरबारात विचारायचे, “आमची गर्जना जपून ठेवली आहे ना?” नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून लांडग्याने स्वतःच्या नावाने एक ठेवली, तरसाने दोन ठेवल्या, अस्वलाने तरसाच्या दोन्हींची नक्कल करून ठेवली. एकट्या कोल्ह्याच्या एकोणीस होत्या.

“साहेब, सगळ्या सारख्याच आहेत,” तात्या म्हणाले. “एक ठेवू, बाकीच्या काढू.”

कोल्हा पांढराफटक पडला. “कुणाची ठेवायची आणि कुणाची काढायची? माझ्या काढल्या आणि उद्या महाराजांनी विचारलं तर?”

“साहेब, सकाळी हत्ती येणार आहेत,” टिटवी रडकुंडीला आली. “पिल्लं आतून टोचा मारायला लागलीत. कान लावला तर आवाज येतो हो त्यांचा!”

“ताई, तुमच्या भावना पोचल्या,” कोल्हा म्हणाला. असं म्हणणाऱ्याकडे काहीच पोचलेलं नसतं, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

प्रश्न महाराजांपुढे गेला. महाराजांनी आकडा ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“दोनशे बारा? प्रजेचं आमच्यावर इतकं प्रेम? ज्यांनी ज्यांनी प्रत ठेवली त्या सर्वांचा सत्कार करा! उद्याच, नव्या मैदानावर! आणि त्या सत्काराची चित्रफीत झाली पाहिजे.”

“महाराज, तिला जागा...” तात्या पुटपुटले.

“करा जागा. काय ते बारीकसारीक असेल ते काढून टाका.”

बारीकसारीक म्हणावं असं आता एकच उरलं होतं. कोल्ह्याने घरट्यांची जाडजूड नोंदवही पुसली, सगळीच्या सगळी, आणि जागा झाली. ज्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं होत्या, त्यांचीही घरटी नाहीशी झाली.

गुरुवारी हत्ती आले. टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. पुढचा हत्ती तसा भला होता. तो थांबला, त्याने खाली वाकून पाहिलं. एका अंड्याला तडा गेला होता आणि तड्यातून इवलीशी चोच बाहेर आली होती.

“तात्या, इथे काही आहे का?” त्याने विचारलं.

गुहेतून आणलेला नोंदींचा कागद तात्यांनी पाहिला. अंड्यांकडे मात्र पाहिलं नाही.

“नोंद नाही,” ते म्हणाले.

हत्तीने पाऊल ठेवलं.

सत्कार थाटात झाला. हारतुरे झाले, भाषणं झाली, महाराजांनी पुन्हा एकदा गर्जना केली. चित्रफितीत तेवढा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिटवीचा आवाज आला होता. कोल्ह्याने तो काढून दुसरी प्रत तयार केली. पहिलीही ठेवली, न जाणो लागली तर.

तात्पर्य : जागा कोण खातंय हे कधीही शोधू नये. सापडला की त्याचा सत्कार करावा लागतो, आणि सत्काराला मैदान लागतं.