घरच्या घरी

पाण्याची मोटार बिघडली की लोक आधी ती घरच्या घरी खोलतात आणि मग उरलेले स्क्रू पिशवीत घालून मिस्त्रींकडे येतात. "आधीच का नाही आणली?" हे मिस्त्रींनी इतक्यांदा विचारलं होतं, की दुकानाच्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. लांब पेचकसाचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली, की आतलं दुखणं त्यांना अचूक कळे.

त्या दुपारी मात्र प्रश्न मोटारीचा नव्हता. घरी आठव्या महिन्यातली लेक पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती.

"बाबा, सकाळपासून बाळ हललंच नाही."

"झोपलं असेल गं," मिस्त्री म्हणाले, पण हातातलं काम टाकून तिच्याजवळ आले.

जावयाने हौसेने मागवलेलं ठोके ऐकायचं यंत्र काढलं आणि तिच्या पोटावर फिरवलं. आधी नुसती खरखर. मग धकधक, धकधक.

"ऐका! घोडा दौडतोय नुसता!" जावयाचा जीव भांड्यात पडला. "उगाच दवाखान्यात धावायला नको."

लेकीने मान हलवली, पण पोटावरचा हात काही काढला नाही. मिस्त्रींनी तो हात पाहिला.

त्यांच्या धंद्यात एक शिस्त होती. मीटरचं ऐकण्याआधी तो दुसरीकडे लावून बघायचा. त्यांनी सदरा वर केला आणि यंत्र स्वतःच्या पोटावर टेकवलं.

धकधक, धकधक. घोडा तिथेही दौडत होता.

मिस्त्रींनी सदरा खाली केला.

"बाबा, म्हणजे तुम्हालाही..." जावई पुटपुटला.

"मला दिवस गेलेले नाहीत, एवढं तरी धरून चाला. हे यंत्र आईचे ठोकेसुद्धा बाळाचे म्हणून ऐकवेल. गाडी काढा!"

दवाखान्यात नर्सबाईंनी लेकीच्या पोटाला ठोके मोजायचा पट्टा बांधला. तेवढ्यात पट्टाच उडाला. आतून सणसणीत लाथ बसली होती.

"बाळ ठणठणीत आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण हालचाल कमी वाटली की यंत्राशी खेळत बसू नका. सरळ इकडे या."

लेक रडत रडत हसली. जावई मात्र यंत्राची बाजू सोडेना. "पण ठोके खणखणीत लागले हो. बाबांच्या पोटावरसुद्धा अगदी तस्सेच!"

"तस्सेच? बाळाइतके भरभर?" नर्सबाईंनी मिस्त्रींचं मनगट धरलं आणि घड्याळ बघत नाडी मोजली. "काका, धडधड कधीपासून होते?"

"दोनेक महिने. पण काळजी नको. मी तपासतो ना रोज."

"कुठे?"

"घरीच. पेचकस लावून."

पाचव्या मिनिटाला मिस्त्री शेजारच्या खाटेवर आडवे होते, छातीला वायरी चिकटवलेल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, औषधाने ठोके ताळ्यावर येतील. लेक पोट सावरत उठली, खाटेपाशी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय हो मिस्त्री," ती म्हणाली, "आधीच का नाही आणली?"