आनंदाबाईसाहेबांनीं मका गोठविला त्याची हकीकत

समस्त फ्रीजधारी, विळीबहाद्दर, चूलनशीन मंडळींस कळावें कीं, मौजे आंजी मोठी, प्रांत वर्धा, येथें गेल्या भाद्रपदांत जें रण माजलें त्याची खबर लोक आपापल्या मगदुरानें तिखटमीठ लावून सांगतात, आणि ज्यांनीं फुकट कणसें हाणलीं तेच अधिक सांगतात, सबब खरें वर्तमान लिहून ठेवणें प्राप्त जाहलें.

लढाईचें मूळ त्याआधींच्या पौषांतलें. आनंदाबाईसाहेबांची कन्या अंकिता समुद्रपुरास दिली. तिची सासू, अखंडितटोमणालंकृत पार्बताबाईसाहेब, संक्रांतीच्या हळदीकुंकवास आंजीस आल्या, आणि आनंदाबाईंनीं पावसाळ्यांत फ्रीजरमध्यें कोंबलेला गोड मका मोठ्या हौसेनें काढून त्याचा कीस शिजविला. मका कोंबला होता कच्चाच, न उकडतां न पुसतां. तो चिवट जाहला आणि चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची. पार्बताबाईंनीं एक घास घेतला, ताट सारलें आणि भरल्या पंगतींत फर्माविलें, "तुमच्या घरी फ्रीज हाये विहीनबाई, पन चव नाई."

इतक्यावर थांबत्या तर त्या पार्बताबाई कशाच्या? तेंच वाक्य त्यांनीं समुद्रपुरीं नेलें आणि अंकिताला उठतां बसतां ऐकविलें. वरणांत मीठ कमी पडो कीं दूध उतूं जावो, माहेरचा फ्रीज निघालाच. लेक फोनवर रडे, आणि इकडे मायचें काळीज तुटे. मग बाईसाहेबांनीं प्रतिज्ञा केली कीं, येत्या संक्रांतीस त्याच विहिणीस त्याच मक्याचा कीस चारीन, नाहींतर फ्रीज विकून टाकीन आणि माठावर राहीन.

सून मंजुषा हिजकडे वजिरी होती. तिनें मोबाईल पाहून मसलत दिली कीं, आधीं पाणी उकळावें आणि मगच कणसें तोडावीं, कारण तोडलेला मका बसल्या जागीं गोडी गमावतो. कणसें उकळत्या पाण्यांत अंमळ बुडवावीं, लागलींच बर्फाच्या पाण्यांत टाकावीं, दाणे काढून सुती कापडावर कोरडे करावे, ताटांत सुटे पसरून गोठवावे आणि मग पिशव्या भराव्या. आनंदाबाईंचें म्हणणें, गारच करावयाचें होतें तर उकडलें कशास. परंतु गेल्या सालची शिकस्त आठवून त्यांनीं मसलत मान्य केली. फ्रीजर रिकामा करविला, तों आईसक्रीमचे डबे निघाले, आणि त्यांत आईसक्रीम सोडून सर्व कांहीं होतें. चिरंजीव कैलासराव वर्ध्याहून मोटरसायकलवर बर्फ घेऊन आले. निघाले तेव्हां लादी होती, पोहोंचले तेव्हां वीट, आणि पँट मागून इतकी भिजली कीं गांवानें त्यांच्या तब्येतीची निराळीच चौकशी केली.

येणेंप्रमाणें तजवीज चोख. अंगणांतल्या चुलीवर पाण्याचा मोठा गंज, म्हणजे पातेलें, चढला, शेतांतून कणसें आलीं, पहिला घाणा उकडून निघाला, आणि तोंच घरांत फितुरी जाहली. फितूर कोण, तर खासे यजमान किसनरावजी! या पुरुषाची खोड अशी कीं, घरांत कांहीं शिजलें आणि चार माणसें बोलाविलीं नाहींत तर घास घशाखालीं उतरत नाहीं. चावडीवर जाऊन त्यांनीं सरसकट आवतण दिलें, आणि मग काय विचारतां, गल्लीच्या गल्ली चालून आली. नत्थूजी तर लिंबू घरूनच कापून घेऊन आले. चिंधूनें सासुरवाडीचे पाहुणे आणिले. गंजांतलें कणीस बाहेर येतें न येतें तों कोणाच्या तरी दाढेखालीं जाई, आणि बर्फाचें पाणी रिकामेंच थंड होत बसे.

बाईसाहेब माजघरांत गेल्या आणि पदरानें डोळे पुसूं लागल्या. मंजुषेनें फाटक लावून घ्यावें ऐसा सल्ला दिला. परंतु दारीं आलेल्यास नाहीं म्हणणें हें आनंदाबाईंच्या सात पिढ्यांत जाहलें नाहीं, आणि इकडे लेकीचें आठ महिन्यांचें ऐकणें जिवास लागलेलें. मग नाक शिंकरून त्या बाहेर आल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि फर्मान सोडलें.

"खा न बापा, पोटभर खा. पन एक खाईन त्यानं दोनाचे दाणे काढल्याबगर उठाचं नाई."

गनिमाची तोंडें भरलेलीं, नाहीं म्हणावें कशानें? हात धुवून सारी फौज चाकरीस बसली. ज्यानें जितकें अधिक हादडलें त्यास तितकी अधिक बिगार, या न्यायानें नत्थूजी दिवस मावळेतों अंगठ्यानें दाणे उकरीत होते. दाणे वाळवावयास यजमानांचें नवें धोतर जप्त जाहलें. तें त्यांनीं आपल्याच हातानें अंगणांत अंथरलें. फ्रीजर पिशव्यांनीं गच्च भरला, आणि किसनरावांस त्याच्या मुठीला हात लावण्याची सक्त मनाई जाहली.

पुढें संक्रांत आली. पार्बताबाईसाहेब आल्या, सवें अंकिता आली, मान खालीं घालून. आनंदाबाईंनीं दूध आणि हिरवी मिरची घालून कीस शिजविला आणि वाढला. विहिणीनें घास घेतला. दुसरा घेतला. ताटली निपटून पुसून झाली आणि मग ती हळूच पुढें सरकली.

"थोडा अजून वाढजा, विहीनबाई."

आनंदाबाईंनीं वर्षभर एक उत्तर धार लावून ठेविलें होतें. परंतु अंकिता मान वर करून हंसली, आणि तें हंसणें पाहून उत्तर जागच्याजागीं विरघळलें. त्यांनीं वाढलें. विहिणीनें तिसऱ्यांदाही मागितलें, आणि उरलासुरला डब्यांत भरून घेतला.

सबब येथें रीतसर नोंद केली जाते कीं, पौष मासीं, मौजे आंजी मुक्कामीं, गोड मक्याची मोहीम फत्ते जाहली. कीस सगळा हरलेल्यांच्या पोटांत गेला, जिंकलेल्यांच्या वाट्यास कढईची खरवड राहिली. आणि ती मायलेकींनीं चुलीपाशीं बसून, एकमेकींचा हात सारीत, बोटांनीं चाटून खाल्ली.